गादी कधी बोलते?

इंग्रजी पुस्तकांत आणि लेखांत 'एक्स कॅथेड्रा' असा एक शब्दप्रयोग अधूनमधून भेटतो. कुणी फार ठासून, 'आता यावर चर्चा नको' अशा थाटात बोलायला लागला की त्याला हे शब्द चिकटवतात, बहुतेक वेळा टोमणा म्हणून. मराठीत याला प्रतिशब्द शोधायला गेलं की पहिल्यांदा 'अधिकारवाणीने' हाच शब्द सुचतो. ऐकायला छान आहे, आणि माझ्या मते इथेच सगळा घोळ आहे.

'अधिकारवाणी' हा शब्द आवाजाबद्दल बोलतो. माणूस कसा बोलला, किती ठामपणे बोलला, ते सांगतो. मूळ लॅटिन शब्द आवाजाबद्दल काहीच सांगत नाही. त्याचा सरळ अर्थ 'खुर्चीवरून' एवढाच. पोप हळू आवाजात बोलले की गरजून, याच्याशी त्याचा संबंध नाही. ते कुठल्या नात्याने बोलले, एवढाच प्रश्न तो विचारतो. म्हणजे मूळ शब्द अधिकाराला कुंपण घालणारा होता, आणि आपला प्रतिशब्द ते कुंपण काढून टाकतो.

एका रोमन कॅथलिक संज्ञेची मराठी समीक्षा करायची काय गरज, असं कुणी विचारेल. मी बीड जिल्ह्यात वाढलो. आमच्याकडे 'गड' आणि 'गादी' हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. गडावरून काय निरोप आला, गादी कुणाच्या पाठीशी आहे, हे इथे चहाच्या टपरीवर बोललं जातं आणि निवडणुकीत मोजलं जातं. अशा ठिकाणी 'खुर्ची बोलली की खुर्चीवरचा माणूस बोलला' हा फरक सांगणारा शब्द नसणं, ही मला फक्त शब्दकोशातली उणीव वाटत नाही.

खुर्चीचं कूळ

'कॅथेड्रा' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ बसायचं आसन. त्यातल्या 'हेड्रा' या भागाचं नातं लॅटिनमधल्या 'सेदेस'शी आहे आणि संस्कृतमधल्या 'सद्' या बसण्याच्या धातूशीही आहे. त्याच धातूपासून आपले सदन, संसद, परिषद हे शब्द आले. म्हणजे हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही, लांबचा चुलतभाऊ आहे.

जुन्या काळी शिकवणारा बसायचा आणि ऐकणारे उभे राहायचे. त्यामुळे आसन हे शिकवण्याच्या अधिकाराचं चिन्ह झालं. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं, तेच 'कॅथेड्रल'. इमारत किती मोठी किंवा देखणी, यावर ते ठरत नाही. बीड जिल्हा कॅथलिक व्यवस्थेत औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. म्हणजे बीडच्या कॅथलिक माणसासाठी सगळ्यात जवळची 'कॅथेड्रा' औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. पोप हेही मुळात एका शहराचे, रोमचे, बिशपच. त्यांची खुर्ची मात्र येशूचा शिष्य पीटर याची मानली जाते. २२ फेब्रुवारीला कॅथलिक चर्च चक्क या खुर्चीचा सण साजरा करतं. गोव्यातली कोकणी माणसं पोपला आपुलकीने 'पाप सायब' म्हणतात. नातं माणसाशी असतं, सण खुर्चीचा असतो. ही विभागणी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१८७० साली नेमकं काय ठरलं

पोप कधीच चुकत नाहीत असं कॅथलिक लोक मानतात, हा आपल्याकडे पक्का समज आहे. 'तू काय पोप लागून गेलास का?' हा टोमणा याच समजातून येतो. खरं कलम याहून खूप अरुंद आहे.

१८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेत हा ठराव आला. बाजूने ५३३ मतं पडली, विरोधात २. हे आकडे पाहून एकमत होतं असं वाटेल, पण तसं नव्हतं. विरोधातले कितीतरी बिशप मतदानाआधीच रोम सोडून निघून गेले होते. पोपच्या तोंडावर 'नाही' म्हणण्यापेक्षा गैरहजर राहणं त्यांना बरं वाटलं. दुसऱ्याच दिवशी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. २० सप्टेंबरला इटलीचं सैन्य रोममध्ये घुसलं आणि पोपचं राज्य गेलं. जमीन हातातून जात असतानाच शब्दाचा अधिकार लिहून घेतला गेला, हा योगायोग इतिहासकारांनी बराच चघळला आहे.

ठरावात अटी आहेत. पोपने सगळ्या ख्रिस्ती लोकांचा गुरू आणि मेंढपाळ या नात्याने बोललं पाहिजे. आपला सर्वोच्च अधिकार वापरून बोललं पाहिजे. विषय श्रद्धेचा किंवा नीतीचाच हवा. आणि हे मत संपूर्ण चर्चने मानायचं आहे, असं ठरवून सांगितलं पाहिजे. एवढं सगळं जुळलं तरच ते बोलणं 'एक्स कॅथेड्रा', आणि तेवढ्यापुरतंच ते चुकीपासून मुक्त मानायचं. विमानातली पत्रकार परिषद यात बसत नाही. मुलाखत बसत नाही. रविवारचं प्रवचन बसत नाही. फुटबॉल, अर्थकारण आणि निवडणूक तर नाहीच नाही.

१८७० नंतर आजपर्यंत हा अधिकार निर्विवादपणे एकदाच वापरला गेला आहे. १ नोव्हेंबर १९५० रोजी बारावे पायस यांनी मरियेच्या सदेह स्वर्गारोहणाची घोषणा केली, तेव्हा. त्याआधीची १८५४ ची एक घोषणा सहसा याच रांगेत धरतात. संततिनियमनाला विरोध करणारं १९६८ चं पोपपत्र जगभर गाजलं, पण ते जाहीर करतानाच व्हॅटिकनच्या प्रतिनिधीने पत्रकारांना सांगितलं होतं की हे त्या अर्थाने अचूकतेचा दावा करणारं विधान नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १९८३ च्या चर्च-कायद्यातलं ७४९ वं कलम. त्याच्या तिसऱ्या पोटकलमाचा भाव असा, की एखादी शिकवण या अंतिम प्रकारे ठरवली गेली आहे हे उघडपणे सिद्ध झालं नसेल, तर ती तशी ठरवली गेली आहे असं धरू नये. म्हणजे शंका असेल तर उत्तर 'नाही'. सिद्ध करायचा भार खुर्चीवर आहे, ऐकणाऱ्यावर नाही. जगातल्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात उतरंडीच्या संस्थांपैकी एकीने स्वतःच्याच कायद्यात हे लिहून ठेवलं आहे.

आणखी दोन उदाहरणं. सोळावे बेनेडिक्ट यांनी पोप असताना २००७ साली येशूवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट केलं की हा माझा वैयक्तिक शोध आहे, पोप म्हणून दिलेली शिकवण नाही, आणि कुणीही मला खोडून काढायला मोकळा आहे. पुढे २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी चिलीतल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणात आपण परिस्थिती ओळखण्यात गंभीर चुका केल्या, असं तिथल्या बिशपांना पत्र लिहून मान्य केलं. 'न चुकणाऱ्या' पोपने चूक मान्य केली म्हणून सिद्धान्त कोसळला नाही. कारण सिद्धान्त फ्रान्सिस नावाच्या माणसाबद्दल नव्हताच.

आपल्याकडे 'पोप' कसा आला

भारतीय भाषांत 'पोप' हा शब्द शिवी म्हणूनही आला, आणि तो आणणारे मिशनरी नव्हते. स्वामी दयानंदांनी 'सत्यार्थप्रकाश'च्या अकराव्या समुल्लासात हा शब्द इथल्या पुरोहितांसाठी वापरला. रोमच्या भाषेत पोप म्हणजे वडील किंवा मोठा माणूस, पण आता कपटाने दुसऱ्याला फसवून स्वतःचा स्वार्थ साधणाऱ्याला पोप म्हणतात, अशी त्यांची मांडणी होती. त्यातून 'पोपलीला' हा शब्द रूढ झाला. आर्य समाजाची स्थापना १८७५ साली मुंबईत झाली. निजामाच्या राजवटीत, विशेषतः १९३८-३९ च्या सत्याग्रहाच्या काळात, मराठवाड्यात आर्य समाजाचा जोर होता, आणि बीड तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. आपल्याकडे 'पोप' ऐकला की आधी मक्तेदारी आणि लबाडी आठवते, त्याला हा इतिहासही कारण असणार.

दयानंदांचा राग समजण्यासारखा होता. भटशाहीविरुद्ध महाराष्ट्रातही त्याच सुमारास लढाई चालू होती, सत्यशोधक समाज १८७३ चा. पण भाषेच्या अंगाने पाहिलं तर एक नुकसान झालं. 'पोप' हा शब्द आपण घेतला, त्याच्याबरोबरची अट मात्र तिकडेच राहिली. सर्वाधिकाराची कल्पना आली, सर्वाधिकाराची मर्यादा आली नाही. मग 'हिंदूंना पोप नाही' हे वाक्य आपण अभिमानाने म्हणू लागलो. ते खरंच आहे. पण पोप नाही याचा अर्थ गाद्या नाहीत असा होत नाही.

वीणा, गादी, गड

आता आमच्याकडचं बघू. हरिनाम सप्ताह ज्यांनी पाहिला आहे त्यांना विणेकरी ठाऊक असेल. सप्ताहभर वीणा खाली ठेवायची नसते. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पाया सगळे पडतात. तो शेतमजूर असो, कॉलेजचा पोरगा असो, सावकाराला कर्ज देणं असो. वीणा उतरली की तोच माणूस पंगतीत तुमच्या शेजारी बसून आमटी मागतो आणि त्याच्या पाया कुणी पडत नाही. 'एक्स कॅथेड्रा' समजावून सांगायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण रोममध्येही सापडलं नसतं.

कीर्तनाचंही तसंच. कीर्तनकार जिथे उभा राहतो ती 'नारदाची गादी'. वीस वर्षांच्या कीर्तनकाराच्या पायावर सत्तरीचे आजोबा डोकं ठेवतात, आणि विचारलं तर सांगतात, नमस्कार गादीला आहे. पारायणात 'व्यासपीठ चालक' असतो. व्यासपीठ म्हणजे व्यासांचं आसन, बसणारा तात्पुरता. आज शाळेच्या गॅदरिंगपासून प्रचारसभेपर्यंत प्रत्येक फळकुटाला आपण व्यासपीठ म्हणतो, हा भाग वेगळा.

म्हणजे कल्पनेचा अर्धा भाग आपल्याकडे पक्का आहे. मान आसनाला द्यायचा, माणसाला नाही, हे इथल्या निरक्षर म्हातारीलाही कळतं. दुसरा अर्धा भाग कच्चा आहे. आसनावरचा माणूस बोलला ते आसनाचं बोलणं कधी धरायचं आणि कधी नाही, याची रीत ठरलेली नाही. त्यासाठी शब्दही नाही. मग नमस्कार गादीला होतो आणि त्याचा फायदा माणसाच्या मताला मिळतो.

भगवानगडाच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसलं. गड बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर, पाथर्डी तालुक्यात आहे. वारकरी संत भगवानबाबांनी तो उभा केला आणि ऊसतोडीला जाणाऱ्या लाखो माणसांसाठी ते श्रद्धेचं ठिकाण झालं. गोपीनाथ मुंडे यांचा दसरा मेळावा तिथे भरायचा. ३ जून २०१४ ला मुंडे गेले. पुढे महंत नामदेवशास्त्री सानप यांनी गडावरून राजकीय भाषण होणार नाही अशी भूमिका घेतली. त्यामुळे २०१६ चा पंकजा मुंडे यांचा मेळावा गडाच्या पायथ्याशी झाला आणि २०१७ पासून तो भगवानबाबांच्या जन्मगावी, सावरगाव घाटला गेला. त्यावर तेव्हा खूप राग निघाला, बाजू पडल्या. पण तत्त्व म्हणून पाहिलं तर ती भूमिका 'एक्स कॅथेड्रा'च्या कल्पनेला अगदी जवळची होती. या गादीचा विषय हा, तो विषय तिचा नाही, अशी हद्द आधीच जाहीर केली गेली होती.

मग ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्या प्रकरणात मंत्री धनंजय मुंडे यांच्या निकटवर्तीयाचं नाव आलं आणि मुंडेंच्या राजीनाम्याची मागणी जोर धरू लागली. जानेवारी २०२५ च्या अखेरीस मुंडे भगवानगडावर मुक्कामी गेले. त्यानंतर महंतांनी पत्रकारांसमोर, गड मुंडे यांच्या पाठीशी असल्याचं सांगितलं. महाराष्ट्रभर खळबळ उडाली. थोड्याच दिवसांत देशमुख कुटुंबीय गडावर गेले, आपली बाजू मांडली, आणि गड त्यांच्याही पाठीशी असल्याचं महंतांनी सांगितलं. ४ मार्चला मुंडेंनी राजीनामा दिला. खटला न्यायालयाचा विषय आहे, त्यात मी जात नाही.

मला इथे वाक्यरचनेत रस आहे. 'मला वाटतं, ते निर्दोष आहेत' हे एका माणसाचं मत झालं. ते पटेल किंवा न पटेल, पण ते मांडायचा त्याला हक्क आहे. 'गड पाठीशी आहे' या वाक्याचा कर्ता मात्र गड आहे. त्या एका कर्तृपदात भगवानबाबा येतात, तिथे नारळ फोडणारी माणसं येतात, कोपीत झोपून ऊस तोडणारी बाई येते. यातल्या कुणालाही विचारलेलं नसतं. व्याकरणाच्या एका जागेवर एवढ्या लोकांची संमती गृहीत धरली जाते. त्या दिवसांत टीव्हीवर आणि मोबाइलवर महंतांचं बरोबर की चूक यावर रात्रंदिवस वाद झाला. गड बोलला की महंत बोलले, हा त्याआधीचा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

याला कुठला एक गड किंवा एक समाज जबाबदार आहे असं मी म्हणत नाही. १२ ऑक्टोबर २०२४ चा दसरा आठवा. एका बाजूला सावरगावला मुंडे भावंडांचा मेळावा, दुसऱ्या बाजूला नारायणगडावर मनोज जरांगे यांचा. जिल्हा एक, दिवस एक, आणि दोन्हीकडे श्रद्धेच्या जागेची पुण्याई राजकीय शब्दांच्या मागे उभी होती. बोलणाऱ्यांचे प्रश्न खरे असू शकतात. माझा मुद्दा फक्त पुण्याई कुणाची आणि शब्द कुणाचे, एवढाच आहे.

विषयाची हद्द

१८७० च्या अटींमधली मला सर्वांत उपयोगी वाटणारी अट विषयाची आहे. श्रद्धा आणि नीती, बस. ही अट नसली की काय होतं, याचं उदाहरण २०२० चं. प्रसिद्ध कीर्तनकार इंदुरीकर महाराज यांचं सम आणि विषम तारखेला संग केल्यास अनुक्रमे मुलगा आणि मुलगी होते, अशा अर्थाचं विधान व्हिडिओतून पसरलं. टीका झाल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. प्रकरण न्यायालयात गेलं, औरंगाबाद खंडपीठापर्यंत पोहोचलं.

बाहेरच्यांना तो विनोद वाटला असेल. बीडच्या माणसाला वाटू नये. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे बीड जिल्ह्यात ८०७ मुली होत्या, राज्यातला सगळ्यात कमी आकडा. अशा जिल्ह्यात मुलगा कसा होईल हे नारदाच्या गादीवरून ऐकणाऱ्या बाईपुढे तो वैद्यकीय सल्ला म्हणून येत नाही. ज्या जागेला तिच्या सासऱ्याने आत्ताच नमस्कार केला, त्या जागेवरून तो येतो. पुढच्या बाळंतपणाआधी घरात तो पुन्हा आठवला जातो. दिलगिरी मागाहून आली तरी ती त्या घरापर्यंत पोहोचेलच असं नाही. रील मात्र पोहोचलेलं असतं.

आपली 'वैयक्तिक मतं'

आपल्याकडे यावर एक पळवाट आहे. वाद पेटला की पक्षाचा प्रवक्ता म्हणतो, 'ते त्यांचं वैयक्तिक मत आहे.' वरवर पाहता ही भाषा खुर्ची आणि माणूस यांत फरक करते. पण वेळ चुकीची आहे. बेनेडिक्ट यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानांतच सांगितलं की हे खुर्चीचं बोलणं नाही. आपण टाळ्या पडेपर्यंत थांबतो. टाळ्या पडल्या तर मत गादीचं, दगड पडले तर मत वैयक्तिक. त्यामुळे गादीचा अधिकार कधीच कमी होत नाही आणि माणसाची जबाबदारी कधीच वाढत नाही.

रोमची बाजू घेतो आहे का?

इथे एक आक्षेप रास्त आहे. कॅथलिक चर्चचा स्वतःचा अनुभव काही आदर्श नाही. सत्ता माणसाला बिघडवते या आशयाचं लॉर्ड अॅक्टन यांचं विधान आपण राजकारण्यांना ऐकवतो, पण १८८७ साली ते ज्या पत्रात आलं, त्यात पोपसारख्या धर्मसत्ताधाऱ्यांना इतिहासाने वेगळं माप लावावं का, याचीच चर्चा होती. अॅक्टन स्वतः कॅथलिक होते आणि १८७० च्या ठरावाच्या विरोधातले. जर्मन पंडित ड्योलिंगर यांनी ठराव मानायला नकार दिला, तर १८७१ साली त्यांना बहिष्कृत केलं गेलं. हान्स क्युंग यांनी १९७० साली अचूकतेलाच प्रश्न करणारं पुस्तक लिहिलं, १९७९ मध्ये त्यांचा कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्याचा परवाना गेला. अटी कागदावर अरुंद असल्या तरी खुर्चीचं तेज पोपच्या साध्या बोलण्यावरही पसरतं, अशी तक्रार कॅथलिक अभ्यासक स्वतःच करत आले आहेत. कुंपण लिहून ठेवलं म्हणजे ते कुणी ओलांडत नाही असं नाही.

तरीही लिहिलेल्या कुंपणाचा एक फायदा असतो. ओलांडलं की दाखवता येतं. क्युंग कलमाकडे बोट दाखवून भांडू शकले. आमच्याकडच्या माणसाने बोट कशाकडे दाखवायचं? 'महाराजांचं हे बोलणं मला मान्य नाही' म्हटलं की तो थेट गादीचा, आणि गादीमागच्या समाजाचा, द्रोही ठरतो. मधली जागाच नसते. भाषेत नसलेली जागा गावात कुठून असणार?

शब्द कुठून आणायचा

लॅटिन शब्द आयात करायची गरज नाही. सरकारी मराठीत 'पीठासीन अधिकारी' हा शब्द आहेच. सभागृहाचा अध्यक्ष आसनावर बसून निर्णय देतो तो वेगळा आणि मतदारसंघात भाषण करतो ते वेगळं, हे आपण मान्य केलेलं आहे. न्यायालयाचं तर नावच 'खंडपीठ'. सुनावणीत न्यायमूर्तींनी तोंडी मारलेला शेरा आणि सही केलेला निकाल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मोबाइलवरची नोटिफिकेशनं तो पुसून टाकतात खरी, पण अपील करताना वकील शेरा दाखवत नाही, निकाल दाखवतो. 'पीठासीन' हा शब्द कचेरीतून बाहेर काढून गडावर, कीर्तनात, पक्षात वापरायला हरकत काय? 'महाराज हे पीठासीन बोलले का?' हा प्रश्न उद्धट नाही. उलट त्यात गादीचा मान शाबूत आहे.

आणि वारकऱ्यांकडे तर याहून जुना, याहून चांगला शब्द आहे, प्रमाण. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्याचं निरूपण करतो. मध्ये काही विधान केलं की त्याला गाथेतलं, ज्ञानेश्वरीतलं, एकनाथी भागवतातलं प्रमाण द्यावं लागतं. टाळकऱ्यांना ते पाठ असतं, चुकलं तर त्यांच्या लक्षात येतं. म्हणजे गादीवर उभ्या असलेल्या माणसाच्याही डोक्यावर काहीतरी आहे, आणि ते खाली बसलेल्यांनाही माहीत आहे. रोममध्ये हा हिशोब कलम ७४९ ठेवतं, आपल्याकडे तो टाळकरी ठेवत आले आहेत. आपली सोय तर जास्त लोकशाहीची आहे. अडचण एवढीच, की हसवणाऱ्या किश्श्यांना आणि उमेदवारांच्या नावांना प्रमाण मागायची सवय आपण सोडून दिली.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही गादीवरचा, गडावरचा, मठातला किंवा पक्षकार्यालयातला व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर आला की फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी तपासा. बोलणारा कुठल्या नात्याने बोलतोय, हे त्याने आधी सांगितलं आहे का? विषय त्या गादीचा आहे का? आणि प्रमाण काय दिलं आहे? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर ते एका माणसाचं मत समजा. पटलं तर घ्या, नाही तर खोडून काढा. गादीला केलेला तुमचा नमस्कार त्यामुळे मागे घ्यावा लागत नाही.